चारशे बारा वाक्यं

९ जानेवारी

प्रिय खारू,

पोस्टात नोकरी करून स्वतः पत्र लिहिणारी आमच्या अख्ख्या कचेरीत मी एकटीच. बाकीच्या बायका हसतात. म्हणतात, दिवसभर दुसऱ्यांची पत्रं खणांत टाकून तुझं पोट भरत नाही का? मी म्हणते, भाऊ फोनवर 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो' यापलीकडे जात नाही, आणि मी बोलायला लागले की नवरा शेजारी कान टवकारून बसतो. मग करू काय?

ह्यांचं छान चाललंय, ते आधी सांगते, कारण तू ते विचारत नाहीस पण पत्रात पहिलं तेच शोधतोस. ऑपरेशनला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. त्याच्या आदल्या आठवड्यात तू माइक घेऊन आलास, ह्यांना कपड्यांच्या कपाटात कोंबलंस, आवाज घुमू नये म्हणून भोवती ब्लँकेटं लावलीस आणि तीन दिवस बसून चारशे बारा वाक्यं वाचून घेतलीस. तेव्हा मला तुझा असा राग आला होता! माणसाचा गळा कापणार आहेत, आणि हा त्याला 'टेबलावर निळी वाटी आहे' वाचायला लावतोय. आता रोज मनातल्या मनात तुला हात जोडते. हे टाइप करतात आणि कॉम्प्युटर ह्यांच्याच आवाजात बोलतो. घरात माणूस आहे असं वाटतं.

एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, ती खोड काही जात नाही. काल मी ओट्याशी भाजी चिरत होते, तर बाहेरून आवाज आला, 'हळू! आधी आरशात बघ!' मी सुरीच टाकली. हे दारात उभे राहून हसत होते. आवाज हसत नाही, तेवढं एक आहे. पण तक्रार नाही.

ह्यांनी तुला विचारायला सांगितलंय की जो माणूस कॉम्प्युटरच्या त्या भांडारात फुकट काम करतो त्याच्यावर लोक ओरडतात कसे? ह्यांच्यावर शिकाऊ लोक ओरडायचे, पण ते निदान फी भरून.

आणि हो, मी तुझ्या कॉम्प्युटरला हात लावत नाही. ऑपरेशननंतर पहिल्याच वर्षी मी ते अपडेट दाबलं आणि ह्यांचा आवाज दोन दिवस बंद पडला, तेव्हा तू जे बोललास ते अजून कानात आहे. घेतली शप्पथ ती घेतली. तुझं मनगट कसं आहे?

तुझी
ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

मनगट तसंच. कारखान्यात दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन टाइप करायचं, मग ते दुसरं काय करणार.

भाऊजींना सांग, फी भरत नाहीत म्हणूनच ओरडतात. तू एकदा नीट विचारलं होतंस की हे भांडार म्हणजे काय, आणि मी 'सोड ना' म्हणालो होतो. आता सांगतो. आमच्या लिनक्सचं, म्हणजे तुझा-माझा कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालतो तिचं, एक अधिकृत भांडार असतं, तिथे येणारा माल दहा जण तपासतात. त्यात जे बसत नाही त्याच्यासाठी दुसरं एक आहे, लोकांनी लोकांसाठी भरलेलं. तिथे प्रोग्राम ठेवत नाहीत. प्रोग्राम कसा बांधायचा त्याची कृती ठेवतात: मूळ माल कुठून आणायचा, कुठे ठिगळ लावायचं, बांधून कुठे ठेवायचं. घेणाऱ्याने ती आपल्या कॉम्प्युटरवर चालवायची. 'आधी वाचा, मग चालवा' असं वर ठळक अक्षरांत लिहिलंय. कुणी वाचत नाही.

माझ्या नावावर शहात्तर कृती आहेत. मूळ प्रोग्राममध्ये खुट्ट झालं की कृती मोडते, आणि मग खाली लोक लिहितात. 'झोपलास का?' 'जमत नसेल तर सोड.' सोडली की तिच्यावर 'बेवारस' असा शेरा पडतो आणि पहिला जो हात वर करील त्याची ती होते. ओळख नाही, पाळख नाही. मलाही अशाच मिळाल्या होत्या.

भाऊजींच्या आवाजाच्या कृतीला तीन मतं आहेत, म्हणजे 'आम्ही हे वापरतो' असं तिघांनी सांगितलंय. त्यातला एक मी. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याने चार वर्षांपूर्वीच हात वर केले, त्यामुळे तिला सतत टेकू द्यावा लागतो.

सध्या एक बरा माणूस भेटलाय. 'सातवा मजला' असं नाव घेऊन वावरतो. कोण, कुठला, काही माहीत नाही. न मागता दोन दुरुस्त्या पाठवल्या, अगदी स्वच्छ. शेवटी 'धन्यवाद' लिहिलं होतं. मी तो शब्द दोनदा वाचला. त्याला काही कृती देऊन टाकाव्यात असं मनात आहे. भाऊजींचा आवाज मात्र माझ्याकडेच राहील.

खारू


२६ जानेवारी

प्रिय खारू,

एवढं मोठं पत्र! मी ते घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी टाइप केलं, 'म्हणजे लायसन्स न बघता गाडी हातात देतात.' तुझ्या भाऊजींना सगळं जग गाडीतच दिसतं.

परवाची गंमत ऐक. ह्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या एका बाईंचा फोन आला. त्यांना कुणीतरी ह्यांच्या आजाराचं सांगितलं होतं, म्हणून माझ्याशी बोलायला केला होता. फोन ह्यांनी उचलला आणि कॉम्प्युटरजवळ धरला. 'कोण बोलतंय?' मग त्या बाई रडायलाच लागल्या. 'सर, तुमचा आवाज गेला असं ऐकलं होतं.' ह्यांनी सावकाश टाइप केलं, 'गेला होता. परत आणलाय.' आणि मग त्या बाईंना विचारलं, अजून चढावर गाडी मागे जाते का? जाते म्हणाल्या.

सकाळी मी चपला घालायला लागले की कॉम्प्युटर म्हणतो, 'निघालीस? किल्ली घे.' रोज. किल्ली हातात असली तरी. मी मुद्दाम दोन मिनिटं दारात रेंगाळते, ते ऐकल्याशिवाय पाय निघत नाही. हे तुला लिहिते कारण ह्यांना सांगितलं तर हे चढून बसतील.

एक विचारायचं राहिलं. ती चारशे बारा वाक्यं तुझ्याकडे आहेत ना जपून? इथे कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि तू दिलेल्या पेनड्राइव्हवर आहेत, तो माझ्या शिवणाच्या डब्यात असतो. पण घरालाच काही झालं तर? गळ्यात आता काही उरलेलं नाही की पुन्हा वाचून घेता येईल.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

आहेत. माझ्या कॉम्प्युटरवर आहेत आणि शिवाय एका वेगळ्या डिस्कवर. तू निर्धास्त राहा.

सातव्या मजल्याला अठरा कृती दिल्या. हात हलका झाला. गेल्या रविवारी सहा वर्षांत पहिल्यांदा मी दुपारी झोपलो. बाकी ठीक.

खारू


२७ फेब्रुवारी

प्रिय खारू,

आधी कबुली. शप्पथ मोडून वर्ष झालं.

तू मला दोन महिन्यांनी चार ओळी पाठवतोस, आणि तिथे त्या पानांवर परक्यांना मात्र कागदभर उत्तरं देतोस. म्हणून मी तिथे जाऊन तुझी खुशाली बघायला लागले. कुणाशी गोड बोललास, कुणाला झापलंस, त्यावरून कळायचं तुझं मनगट दुखतंय की नाही. वाचता वाचता कृतीही कळायला लागल्या. मग धीर करून एका शनिवारी अपडेट केलं, आणि काही मोडलं नाही! तेव्हापासून दर शनिवारी करते. आधी पान वाचायचं, खालच्या तक्रारी वाचायच्या, मग चालवायचं, मग पेनड्राइव्हवर नवी प्रत काढायची. पन्नाशीला आलेली तुझी बहीण हे करते. तू आलास की तुझ्यासमोर करून दाखवायचं आणि तुझं तोंड बघायचं, असा बेत होता.

ह्यांच्या आवाजाच्या पानावरून तुझं नाव जाऊन 'सातवा मजला' आलेलं मी बघितलं होतं. माझ्याकडेच राहील म्हणाला होतास. पण म्हटलं, थकला असेल, सांगेल सवडीने. नव्या कृतीत एक ओळ जास्तीची दिसली, कुठल्यातरी लांबलचक पत्त्यावरून काहीतरी आणणारी. तुला विचारणार होते. पण विचारलं असतं तर शप्पथेचं बिंग फुटलं असतं, आणि तू ठेवलेला माणूस म्हणजे आपलाच, असं धरून मी चालवली.

मंगळवारी पानावर लाल अक्षरांत तुझी सूचना बघितली. 'दहा ते चोवीस फेब्रुवारीत ज्यांनी ही कृती चालवली त्यांनी कॉम्प्युटर ताबडतोब नेटपासून तोडावा. डिस्क पूर्ण पुसावी. या काळात जोडलेला प्रत्येक पेनड्राइव्ह पुसावा. नुसतं डिलीट करू नये, शून्यं भरावीत. काही वाचवण्याचा मोह धरू नये.' खाली तुझं नाव. तू लिहिलंयस म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ? सगळं तसंच केलं, एकेक पायरी वाचून. पेनड्राइव्ह दोन्ही शनिवारी लावला होता, तोही पुसला. पाच तास लागले. मग कोरं लिनक्सही घातलं, आणि ते चालू झालं! हे मागे उभे होते, टाळ्या वाजवल्या.

आता फक्त ती चारशे बारा वाक्यं पाठव. तू काय, लहानपणापासून टाचणीसुद्धा टाकत नाहीस, खिशात स्क्रू आणि काचा भरून हिंडायचास म्हणून तर खारू. तुझ्याकडे आहेत म्हणून मी बिनघोर पुसलं.

हे सध्या पाटीवर लिहितात. 'किती दिवस?' असं लिहून दाखवलं. मीही पाटी घेऊन लिहिलं, 'एक आठवडा.' ह्यांना ऐकू येतं हे विसरलेच. मग दोघं हसलो.

लवकर पाठव.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

माफी मागायची आहे, पण आधी हे वाच: तुमच्याकडचा आवाज सुरक्षित आहे. तू हात लावत नाहीस हे फार बरं झालं.

मी भाऊजींची कृतीही सातव्या मजल्याला दिली होती. गेल्या पत्रात ते लिहिलं नाही. अठरांतली ती शेवटची. त्या दिवशी ती पुन्हा मोडली होती, हात हलत नव्हता, आणि तो म्हणाला, हीसुद्धा मी बघतो. मी दिली. आठवड्याभरात त्याने सगळ्याच कृतींत एकेक ओळ घुसवली. चालवणाऱ्याचे पासवर्ड चोरून नेणारी. किती जणांचं काय गेलं अजून कळलेलं नाही. सूचना मीच लिहिली. रागाने लिहिली, म्हणून कडक आहे.

मी त्याचं काम बघायचं म्हणून सगळ्या अठराच्या अठरा इथे चालवल्या होत्या. बघितल्या नाहीत, नुसत्या चालवल्या. वेगळी डिस्कही तेव्हा जोडलेली होती. म्हणून दोन्ही पुसलं, शून्यं भरून. भाऊजींची वाक्यं त्यात गेली. आवाजाच्या फायलींत असलं काही शिरत नाही, हे मला माहीत आहे. बाजूला काढायला दहा मिनिटं लागली असती. पण लाज इतकी वाटत होती की लोकांना जे सांगितलं ते आपणही अक्षरशः करायचं, असं डोक्यात बसलं. आणि तुझ्याकडे दोन प्रती होत्याच.

फोन करणार होतो. पण भाऊजी मध्येच विचारतील, माझा आवाज परक्याला का दिलास, आणि त्यांच्याच आवाजात विचारतील. ते ऐकायची हिंमत नव्हती.

रविवारी, आठ तारखेला येतो. येऊन प्रत घेतो. तोवर, नेहमीसारखंच, कशालाही हात लावू नकोस.

खारू


४ मार्च

खारू,

तुझं पत्र काल माझ्याच टेबलावर आलं. अक्षर ओळखून मी ते खणात न टाकता उभ्याने फोडलं. नंतर माझ्या हातून दोन तास सगळी पत्रं चुकीच्या खणांत गेली. शेजारच्या बाईंनी ती पुन्हा लावली.

माझं पत्र तुला मिळालं असेलच.

रविवारी येऊ नकोस. ह्यांना काय सांगायचं ते मला आधी ठरवू दे. आठवडा संपत आला, हे रोज पाटीवर आकडा लिहितात. आज दोन लिहिलाय.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र मी कारखान्याच्या गेटवर वाचलं आणि आत न जाता परत आलो.

डिस्क घेऊन दोन ठिकाणी जाऊन आलो. एकाने बघितलीच नाही. दुसऱ्याने विचारलं, कशी पुसली? मी सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्ही कशाला आलात? शून्यं भरली की खाली काही राहत नाही, हे मीच लोकांना समजावत असतो. तुझ्या डिस्कचंही तेच. तू चुकली असतीस, एखादी पायरी गाळली असतीस, तर काहीतरी निघालं असतं. तू काहीच गाळलं नाहीस.

सातव्या मजल्याचं खातं बंद आहे. त्याचा राग करायला समोर कुणी नाही. जे आहे ते माझंच आहे.

भाऊजींची वाक्यं मी तेव्हा दोन आठवडे कानाला लावून साफ केली होती. काल डोळे मिटून आवाज आठवायला बसलो. खोकला आठवतो. कपाटाच्या दाराची करकर आठवते. वाक्याआधी घेतलेला मोठा श्वास आठवतो. जे जे मी कापून टाकलं ते सगळं आठवतं. राहिलं होतं ते आठवत नाही.

यासोबत पेनड्राइव्हवर दुसऱ्या एका माणसाचा तयार आवाज पाठवतोय, तोवर कामचलाऊ. तुझ्या फोनमध्ये भाऊजींचं काही बोलणं असेल तर बघ.

उरलेल्या अठ्ठावन्न कृती मी बेवारस करून टाकल्या. तासाभरात निम्म्या उचलल्या गेल्या. कुणी उचलल्या ते बघितलं नाही.

खारू


१६ मार्च

खारू,

सांगितलं. स्वयंपाकघरात उभं राहून, ह्यांच्याकडे न बघता सगळं सांगितलं: तू काय केलंस, मी काय केलं. पाटी घासल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर 'बरं' लिहिलं होतं. मग ते पुसलं आणि चालायला गेले. तास झाला तरी आले नाहीत, तेव्हा मी खाली उतरले. कोपऱ्यावर उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत.

तू पाठवलेला आवाज लावून दिला. ह्यांनी एकच वाक्य टाइप केलं, 'हा माणूस कधी गाडीत बसलेला दिसत नाही,' आणि झाकण मिटलं. मी हसले. ह्यांना हसवायचं होतं म्हणून हसले.

फोनमध्ये फार काही सापडलं नाही. कुठलाही कार्यक्रम असो, हे फोटो काढणार, बोलणार नाहीत. पण एक क्लिप निघाली. चुकून घेतलेली. चित्र सगळं छताचं, पण आवाज आहे: 'दाबलं का मी बटण? तो लाल ठिपका दिसत नाहीये. तुला दिसतोय का? थांब, थांब.' अकरा सेकंद आहे. एवढ्यावरून काही करता येईल का? तुमच्याकडे हुशार माणसं आहेत, कुणाला तरी विचार. मी दिवसातून एकदाच ऐकते, झिजायला नको म्हणून. झिजत नाही हे माहीत आहे.

ताई


२ एप्रिल

चि. खारूस,

पत्र लिहायची मला सवय नाही. एकतीस वर्षं तोंडाने पोट भरलं. अक्षर लागत नसेल तर जोर लावून वाच.

अकरा सेकंदांत काही होत नाही, हे तुझं उत्तर तिने मला दाखवलं. मला अपेक्षा नव्हतीच. तिला होती.

तिने तुला लिहिलंय की ती दिवसातून एकदा ऐकते. खोटं आहे. सकाळी चपला घालताना लावते. कामावरून आली की लावते. भांडी घासताना फोन नळाला टेकवून लावते. बाथरूममध्ये नेते, तेव्हा नळ सोडते, पण मला कळतं. 'दाबलं का मी बटण.' कुठल्या बटणाबद्दल बोलत होतो ते मलाही आठवत नाही. एवढं शिकवलं मी आयुष्यात, एवढं बोललो, आणि उरलं काय तर हा बावळटपणा.

तरी तेही चाललं असतं. पण आता ती माझ्याकडे बघत नाही. मी पाटी धरून समोर बसतो. ती वाचते, मान हलवते, आणि फोनकडे बघते. परवा मी लिहिलं, 'आज उशीर का झाला?' तिने वाचलं की नाही कोण जाणे. फोनमधला म्हणाला, 'तुला दिसतोय का?' आणि ती त्याला म्हणाली, 'हो, दिसतोय.' मी इथे होतो. हातभर अंतरावर.

मला तुझा राग आला होता. आता नाही, किंवा असला तरी तो बाजूला ठेवून मागतोय. ये आणि ते पुसून टाक. मला फोनमधलं कळत नाही, आणि मी हात लावला तर तिला कळेल. तू फोन बघतो म्हणून घेतलास तर तिला वावगं वाटणार नाही. तुझ्या भांडाराचं मला काही समजत नाही, पण कसं पुसलं की परत येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तिला सांगू नकोस. हे पत्र फाड.

भाऊजी


२० एप्रिल

खारू,

काल येऊन गेलास. दोन महिन्यांत केवढा उतरलास. जेवलास बरा, तेवढं समाधान.

निघताना म्हणालास, 'ताई, फोन हळू चालतोय का तुझा? बघू जरा.' माझा फोन हळू चालत नव्हता. तरी मी दिला. तू खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिलास. ह्यांनी तेवढ्यात मला पाटी दाखवली, चहा टाकतेस का म्हणून. इतक्या घाईने हे कधी चहा मागत नाहीत. मी आत गेले. पाणी उकळेपर्यंत आतच उभी राहिले. मला बाहेर येता आलं असतं. फोन हिसकावून घेता आला असता. ह्यांना तुझ्याकडून काहीतरी हवंय एवढंच कळत होतं, आणि दोन महिन्यांत ह्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

परत देताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

तुम्ही गेल्यावर, म्हणजे हे तुला स्टॉपपर्यंत सोडायला गेले तेव्हा, मी बघितलं. मग डिलीट केलेल्यांत बघितलं. दुसरी प्रत होती कुठेतरी, तिथे बघितलं. तू काहीच गाळलं नाहीस.

हे परत आले. मी समोर बसले आणि पाटी वाचली. ह्यांनी कितीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेजाऱ्यांच्या गाडीचं, जिन्यातल्या दिव्याचं, कसलंही. ह्यांना वाटतंय मला अजून कळलेलं नाही. मी फोन हातात घेत नाही म्हणून ह्यांना आनंद झालाय. तो मी मोडणार नाही. पण सकाळी दारात किल्ली घेऊन उभी राहते तेव्हा कानात काही येत नाही. मी आठवून बघते. शब्द येतात, आवाज माझाच येतो.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. राग आहे. ह्यांचा नाही, त्या परक्याचा नाही, तुझा आहे. तू सूचनेत सांगितलंस तसंच मी केलं, आणि ह्यांनी सांगितलं तसं तू केलंस, आणि मधल्या मध्ये एक अख्खा माणूस गेला. यात तुझा दोष किती ते मला मोजता येत नाही. तरी तुझं अक्षर बघितलं की माझ्या हातून पत्रं चुकीच्या खणांत जातात, आणि मला दिवसाला चार हजार पत्रं लावायची असतात.

आता लिहू नकोस. आलं तर ते माझ्याच टेबलावर येईल. पत्र घ्यायचं नसेल तर 'घेण्यास नकार' असा एक शिक्का असतो, तो मारून परत पाठवतात. माझ्या उजव्या हाताशी असतो. मला तो मारायला लावू नकोस.

ताई